कुबडी घेऊन चालताना खुब्यावरचे बल मॉडेलमध्ये कमी होत नाही, तेव्हा काय तपासावे

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुबडीच्या आधाराने चालणाऱ्या व्यक्तीची चाल कॅमेऱ्यांनी टिपली, फोर्स प्लेटची (पावलाखालचे बल मोजणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या पाटाची) नोंद घेतली, ओपनसिम या हालचालींचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत मॉडेल त्या व्यक्तीच्या मापाचे करून घेतले, स्नायूंची बले काढली आणि शेवटी सांध्यावरचे संपर्क बल पाहिले, तर ते कुबडीशिवाय चालतानाच्या बलाएवढेच निघाले, अशी तक्रार चालीच्या विश्लेषणात काम करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिच्या जोडीला बहुतेक वेळा दुसरी तक्रार असते, ती म्हणजे पेल्व्हिसवरची (कटिबंधाच्या हाडांवरची) रेसिड्युअल बले, म्हणजे गणित जुळवण्यासाठी मॉडेलला घालावी लागणारी काल्पनिक बले, शंभर-दीडशे न्यूटनपर्यंत गेल्याची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, म्हणून त्यांचे कारणही एकच असावे असे गृहीत धरले जाते आणि उपायही एकच सुचतो, तो म्हणजे कुबडीचे बल मॉडेलच्या हाताला जोडणे. ते जोडल्यावर रेसिड्युअल खाली येतात, पण खुब्यावरचे बल जिथल्या तिथे राहते, आणि इथून पुढे काय करायचे ते सुचत नाही.

फोर्स प्लेटवर पावलाचे बल प्रत्यक्ष मोजलेले असेल, तर कुबडीचा खुब्यावरचा परिणाम त्या मोजलेल्या बलातूनच गणितात येतो, दुसऱ्या वाटेने येत नाही. म्हणून खुब्याचे उत्तर चुकत असेल तर आधी पावलाचे बल तपासायचे. रेसिड्युअलचा आजार वेगळा आहे आणि त्याचे औषधही वेगळे आहे. हा फरक काटेकोरपणे पाळावा असे मला मनापासून वाटते, कारण रुग्णाने ऑपरेशन झालेल्या पायावर किती भार टाकावा, याविषयीचा सल्ला शेवटी अशाच आकड्यांच्या आधाराने दिला जातो.

बल गणितात कोणत्या वाटेने येते

ओपनसिममधील नेहमीच्या मॉडेलमध्ये पेल्व्हिस हे मूळ असते आणि तिथून दोन पाय व धड अशा शाखा निघतात. पेल्व्हिस आणि जमीन यांच्यामध्ये सहा स्वातंत्र्यमात्रांचा (तीन दिशांत सरकण्याचा आणि तीन अक्षांभोवती फिरण्याचा) मोकळा सांधा असतो, आणि त्या सहा दिशांत जे गणित जुळत नाही ते रेसिड्युअल म्हणून बाहेर पडते. इन्व्हर्स डायनॅमिक्समध्ये, म्हणजे टिपलेली हालचाल आणि बाह्य बले यांवरून उलटे गणित करताना, खुब्याचे आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) काढायला खुब्याच्या खालचे भागच मोजले जातात: मांडी, पोटरी आणि पाऊल यांचे वजन, त्यांचे त्वरण, आणि पावलाला लावलेले जमिनीचे बल. हाताला लावलेले कुबडीचे बल या हिशेबात कुठेही येत नाही. ते धडाच्या शाखेतून कमरेच्या सांध्यात आणि तिथून पेल्व्हिसच्या रेसिड्युअलमध्ये जाते. म्हणून कुबडीचे बल मॉडेलला जोडले काय किंवा न जोडले काय, खुब्याचे आघूर्ण शेवटच्या दशांशापर्यंत तेच राहते.

स्टॅटिक ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे आघूर्ण वेगवेगळ्या स्नायूंत वाटून देण्याच्या, पायरीतही हीच स्थिती टिकते. पायाचे स्नायू मोकळ्या सांध्याच्या सहा समीकरणांत भाग घेत नाहीत. ती समीकरणे फक्त रेसिड्युअल अॅक्च्युएटर, म्हणजे ती काल्पनिक बले देणारे घटक, सोडवतात. त्यामुळे त्यांच्यावर ताण आला तरी ग्लुटिअस मीडिअस या मांडी बाहेर ओढणाऱ्या स्नायूच्या वाट्याला येणारे बल बदलत नाही. ज्या मॉडेलमध्ये सोअस स्नायू कमरेच्या मणक्यांना जोडलेला आहे आणि मणक्यांचे सांधेही स्नायूंनीच चालवलेले आहेत, तिथे मात्र हे पूर्णपणे लागू होत नाही. गेट२३९२ हे किंवा राजगोपाल यांचे २०१६ चे तयार मॉडेल वापरणाऱ्यांना ही चिंता नाही, कारण दोन्हींत सोअसचा उगम पेल्व्हिसवर धरलेला आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर एकच नोंद घेऊन इन्व्हर्स डायनॅमिक्स दोनदा चालवा, एकदा कुबडीच्या बलासह आणि एकदा त्याशिवाय. खुब्याच्या तिन्ही आघूर्णांच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. त्या बसल्या नाहीत, तर बाह्य बलांच्या फाइलमध्ये कुबडीचे बल हाताऐवजी पायाच्या एखाद्या भागाला लावले गेले आहे, आणि शोध तिथेच संपतो.

हाताने करून पाहायचा हिशेब

आता मूळ तक्रारीकडे. ७० किलो वजनाची व्यक्ती उजव्या पायावर उभी आहे असे समजू. तिचे वजन सुमारे ६८७ न्यूटन. उजव्या पायाचे वजन त्याच्या एक षष्ठांश, म्हणजे ११५ न्यूटन धरू. खुब्याच्या वर उरते ५७२ न्यूटन. या उरलेल्या भागाची भाररेषा उजव्या खुब्याच्या केंद्रापासून १० सेंटीमीटर आत, म्हणजे डाव्या अंगाला आहे, आणि मांडी बाहेर ओढणाऱ्या स्नायूंची भुजा (खुब्याच्या केंद्रापासून त्यांच्या बलरेषेचे अंतर) ५ सेंटीमीटर आहे असे घेऊ. पायाचे वजन सरळ खुब्याखाली आहे असे मानू आणि सर्व बले उभी धरू. पेल्व्हिस डावीकडे खाली झुकवणारे आघूर्ण ५७.२ न्यूटन-मीटर येते, ते पेलायला स्नायूंना ११४४ न्यूटन बल लावावे लागते, आणि सांध्यावर एकूण १७१६ न्यूटन येतात. ही रक्कम शरीराच्या वजनाच्या अडीच पट आहे. ढोबळ हिशेब असूनही ती वास्तवाला धरून आहे: गेऑर्ग बेर्गमान आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बल मोजणाऱ्या कृत्रिम खुब्यांवरून जी आकडेवारी दिली, तीत ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालताना शिखर बलाची सरासरी शरीराच्या वजनाच्या २३८ टक्के होती.

आता त्या व्यक्तीने डाव्या हातातील कुबडीवर फक्त १०० न्यूटन भार टाकला, आणि कुबडीचे टोक उजव्या खुब्याच्या केंद्रापासून ४० सेंटीमीटर डावीकडे आहे. कुबडीमुळे ४० न्यूटन-मीटर उलटे आघूर्ण मिळते. स्नायूंसाठी १७.२ उरतात, म्हणजे ३४४ न्यूटन. सांध्यावर ४७२ अधिक ३४४, एकूण ८१६ न्यूटन. हातावर घेतलेल्या १०० न्यूटनांनी खुब्यावरचे ९०० न्यूटन उतरवले. कुबडी किंवा काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला सांगतात ती याच कारणाने.

हाच हिशेब पावलाच्या बाजूने करून पाहा, कारण मॉडेल तो त्याच बाजूने करते. कुबडीसह पावलाखाली ५८७ न्यूटन आहेत आणि खुब्याचे आघूर्ण १७.२ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे पावलाखालचे दाबकेंद्र (जमिनीचे एकूण बल जिथे लागते तो बिंदू) खुब्याच्या केंद्रापासून फक्त २.९ सेंटीमीटर आत आहे. कुबडीशिवाय ते ८.३ सेंटीमीटर आत होते. कुबडीचा सगळा फायदा मॉडेलला दोनच जागी दिसतो: उभे बल १०० न्यूटनांनी घटलेले आणि दाबकेंद्र सुमारे साडेपाच सेंटीमीटर बाहेर सरकलेले. यातही दुसरी गोष्ट फार मोठी आहे. नऊशे न्यूटनांच्या फरकापैकी सहाशेहून जास्त न्यूटन एकट्या दाबकेंद्राच्या जागेमुळे आलेले आहेत. म्हणून दाबकेंद्राला धक्का लावणारी कोणतीही चूक इथे महागात पडते.

कुबडीचे टोक त्याच प्लेटवर पडते तेव्हा

तेच उदाहरण घेऊन कुबडीचे टोक आणि पाऊल एकाच प्लेटवर पडले असे समजा. प्लेटला दोन वेगळे स्पर्श कळत नाहीत. तिला एक बल आणि एक दाबकेंद्र कळते. एकूण बल ५८७ अधिक १००, म्हणजे ६८७ न्यूटन. एकत्रित दाबकेंद्र काढण्यासाठी ५८७ ला २.९ ने आणि १०० ला ४० ने गुणून बेरीज करा आणि ६८७ ने भागा. उत्तर येते ८.३ सेंटीमीटर. म्हणजे नेमके कुबडीशिवायचे बल आणि नेमके कुबडीशिवायचे दाबकेंद्र. हे पावलाला लावले की खुब्याचे आघूर्ण पुन्हा ५७.२ न्यूटन-मीटर येते आणि सांध्यावरचे बल पुन्हा १७१६ न्यूटन.

हा आकड्यांचा योगायोग नाही. शरीराचा तोल ज्या बाह्य बलांनी राखला आहे ती सर्व एकाच पावलात कोंबली, की मॉडेल त्याच शरीरस्थितीत त्या एका पायावर आधाराविना उभ्या असलेल्या माणसाचे उत्तर देते. ‘कुबडी घेऊनही खुब्यावरचे बल कमी होत नाही’ या तक्रारीचे मला सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण हेच आहे, आणि ते सापडायला उशीर लागतो, कारण आलेख कुठेही तुटलेला किंवा वेडावाकडा दिसत नाही. तो नेहमीच्या चालीचा, गुळगुळीत, पुस्तकात असतो तसा दिसतो.

त्याच बाजूची कुबडी पावलात मिसळली तर चूक उलट्या दिशेने जाते, आणि ती जास्त घातक आहे. उजव्या खुब्याच्या २५ सेंटीमीटर बाहेर टेकलेल्या उजव्या कुबडीचे १०० न्यूटन उजव्या पावलात धरले गेले, तर आघूर्ण खऱ्यापेक्षा २५ न्यूटन-मीटरने कमी येते, स्नायूबल ५०० न्यूटनांनी घटते, आणि उभे बल १०० ने वाढलेले धरूनही सांध्यावर ४०० न्यूटन कमी दिसतात. कुबडीने भार कमी व्हावा अशीच सर्वांची अपेक्षा असल्यामुळे या उत्तरावर कोणी शंका घेत नाही. दोन पट्ट्यांच्या ट्रेडमिलवर, जिथे उजवे पाऊल आणि उजवी कुबडी उजव्या पट्ट्यावर पडतात, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक पावलाला होऊ शकतो. त्याच ट्रेडमिलवर आणखी एक गोष्ट घडते. डावा पाय हवेत असताना डाव्या कुबडीमुळे डाव्या पट्ट्यावर बल दिसते, आणि ठरावीक मर्यादेच्या वरचे बल म्हणजे पाऊल टेकले असे मानणारा प्रोग्राम ते डाव्या टाचेच्या हाडाला लावून मोकळा होतो. ओपनसिमच्या खिडकीत नोंद सावकाश पुढे सरकवून पाहिली तर बलाचा बाण हवेतल्या पावलापासून वीतभर लांब उभा दिसतो. आकडे बघण्याआधी हा बाण बघावा.

मिसळ झाली आहे की नाही हे ओळखण्याची खात्रीची पद्धत बेरजेची आहे. एकसारख्या चालीत एका पूर्ण आवर्तनावर सर्व उभ्या बाह्य बलांची सरासरी ही माणूस अधिक कुबड्या यांच्या वजनाएवढी असायलाच हवी. ट्रेडमिलवर फक्त पट्ट्यांच्या बलांची सरासरी वजनाएवढी आली, तर कुबडीचे बल पट्ट्यांतच आहे हे सिद्ध झाले, आणि अशा वेळी कुबडीतील लोडसेलचे (बल मोजणाऱ्या सेन्सरचे) बल वरून आणखी जोडले तर ते दोनदा मोजले जाते. जमिनीवरील मोजक्या प्लेटवर पूर्ण आवर्तन मिळत नाही; तिथे कुबडीच्या टोकाचा मार्ग आणि प्लेटच्या कडा एकाच आकृतीत काढून बघणे पुरते.

उपाय शक्यतो नोंद घेतानाच करावा. रुग्णाला प्लेटवर नेम धरून पाऊल टाकायला सांगू नका, त्याने चाल बिघडते. सुरुवातीची उभे राहण्याची जागा थोडी बाजूला सरकवा, म्हणजे पाऊल प्लेटच्या कुबडीकडील कडेजवळ पडेल आणि कुबडीचे टोक कडेबाहेर जाईल. ४० सेंटीमीटर रुंदीची प्लेट लांबीने चालण्याच्या दिशेत बसवलेली असेल तर हे बहुतेकांना जमते. नोंद आधीच घेतलेली असेल आणि कुबडीत लोडसेल असेल, तर प्लेटच्या बलातून कुबडीचे बल वजा करता येते. मात्र केवळ बल वजा करून भागत नाही. कुबडीच्या टोकाची जागा घेऊन तिच्या बलाचे प्लेटच्या मूळबिंदूभोवतीचे आघूर्णही वजा करावे लागते, आणि उरलेल्या बल-आघूर्णांवरून दाबकेंद्र नव्याने काढावे लागते. पाऊल टेकताना आणि उचलताना उरलेले बल अगदी लहान असते, तेव्हा हे दाबकेंद्र भरकटते. तेवढ्या क्षणांपुरते ते पावलाच्या तळव्याच्या सीमेत धरून ठेवावे. कुबडीत लोडसेलही नाही आणि टोक प्लेटवर पडले आहे, अशी नोंद खुब्याच्या गणितातून काढून टाकावी. अंदाजाने दुरुस्त केलेल्या नोंदीवर रुग्णासाठी निष्कर्ष काढणे योग्य नाही.

रेसिड्युअलचा आजार

पावलाचे बल स्वच्छ आहे, पण रेसिड्युअल मोठे आहेत, अशी स्थिती असेल तर खुब्याचे स्टॅटिक ऑप्टिमायझेशनपर्यंतचे उत्तर बिघडलेले नसते. ते बिघडते आरआरए (रेसिड्युअल कमी करण्याची पायरी) किंवा सीएमसी (ती हालचाल घडवणारी स्नायूंची सक्रियता शोधण्याची पायरी) चालवल्यावर. जेनिफर हिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेसिड्युअल बलाचे शिखर बाह्य बलाच्या शिखराच्या ५ टक्क्यांच्या आत असावे. सत्तर किलोच्या माणसाच्या चालीत ही मर्यादा जेमतेम ३५ ते ४० न्यूटन पडते. कुबडीवरचे १०० न्यूटन मॉडेलला सांगितलेच नसतील तर ही मर्यादा पाळली जाणे शक्यच नाही.

आरआरएला कुबडी दिसत नाही. त्याला फक्त एवढे दिसते की माणूस जितका जड सांगितला आहे तितके बल त्याला खालून मिळत नाही. म्हणून ते वस्तुमान कमी करण्याची शिफारस करते. सरासरी १०० न्यूटनांची तूट असेल तर ही शिफारस सुमारे १० किलो घटवण्याची असते, आणि ती सर्व अवयवांत वाटली जाते. त्याबरोबर धडाचे वस्तुमान केंद्र सरकवले जाते आणि सांध्यांचे कोनही थोडे बदलले जातात. या शिफारशी स्वीकारल्या की खुब्याखालच्या पायाचे वजनही बदलले आणि चालही बदलली. आता मात्र खुब्याचे उत्तर खरोखर चुकीचे झाले. त्यामुळे आरआरएने सुचवलेला वस्तुमानातील बदल एक-दोन किलोपेक्षा मोठा असेल तर तो स्वीकारण्याआधी बाह्य बलांची यादी पुन्हा वाचावी. रेसिड्युअल अॅक्च्युएटरची क्षमता वाढवून त्रुटीचा संदेश घालवणे हा उपाय नव्हे.

मॉडेलला कुबडीचे बल देताना कुबडीचा वेगळा अवयव बनवलाच पाहिजे असे नाही. बल हाताच्या अवयवाला लावावे आणि ते लागू होण्याचा बिंदू जमिनीच्या चौकटीत कुबडीच्या टोकापाशी द्यावा. बिंदू हाताच्या बाहेर असला तरी गणित बरोबर होते. एल्बो क्रचमध्ये काही भार मुठीतून आणि काही कोपराखालच्या पट्ट्यातून जातो, पण त्या वाटणीचा परिणाम मनगट आणि कोपर यांच्यावर होतो, पेल्व्हिसवर होत नाही. गेट२३९२ मध्ये हातच नाहीत. तिथे हेच बल धडाला लावावे; खांद्याचा अभ्यास करायचा नसेल तर तेवढे चालते.

कुबडीतील लोडसेलविषयी

लोडसेलची नोंद बहुधा वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या घड्याळावर होते. नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी कुबडी प्लेटवर एकदा ठोकून घ्यावी. दोन्ही नोंदींत टोकदार शिखर उठते, सुरुवातीच्या शिखरांवरून वेळेचा फरक कळतो आणि शेवटच्या शिखरांवरून तो फरक मधल्या काळात सरकला का ते कळते. त्याच वेळी कुबडी प्लेटवर उभी दाबून, मग तिरकी दाबून घ्यावी. उभ्या स्थितीत दोन्हींचे आकडे जुळले आणि तिरक्या स्थितीत जुळले नाहीत, तर लोडसेल फक्त दांड्याच्या दिशेतले बल मोजतो आहे हे ध्यानात ठेवावे.

दांड्यावर एका रेषेत नसलेले किमान तीन मार्कर (कॅमेऱ्यांना दिसणाऱ्या खुणा) लागतात. टोक जमिनीवर एका जागी रोवून दांडा सगळीकडे फिरवला की त्या मार्करांवरून टोकाची जागा काढता येते. प्लेटवर दाबताना प्लेटने दाखवलेले दाबकेंद्र आणि मार्करांवरून काढलेले टोक यांत एखाद्या सेंटीमीटरहून जास्त अंतर असेल तर पुढे जाऊ नये. कुबडी हवेत असताना बल शून्य यायला हवे, आणि बलाची दिशा टोकाकडून मुठीकडे, म्हणजे वर असायला हवी. चिन्ह उलटे लागले असेल तर कुबडी जोडल्यावर उभे रेसिड्युअल कमी होण्याऐवजी दुप्पट होते. ही खूण सहज ओळखता येते.

जॉइंट रिअॅक्शनच्या पायरीवर

सांध्यावरचे संपर्क बल काढण्याच्या या पायरीतल्या चुका जुन्या आणि परिचित आहेत, म्हणून थोडक्यात. एका पायावर उभे असतानाही खुब्यावरचे बल शरीराच्या वजनाच्या आठ दशांशाच्या आसपास येत असेल, तर स्नायूंची बले हिशेबात आलेलीच नाहीत. स्टॅटिक ऑप्टिमायझेशनची बलांची फाइल दिली आहे का ते पाहा. बल पेल्व्हिसवरचे मागितले की मांडीच्या हाडावरचे, आणि कोणत्या चौकटीत, यावरून घटकांची चिन्हे आणि वाटणी बदलते, पण एकूण परिमाण बदलत नाही. म्हणून तुलना आधी परिमाणांची करावी. रिझर्व्ह अॅक्च्युएटरकडे, म्हणजे स्नायू कमी पडतात तिथे सांध्याला आघूर्ण पुरवणाऱ्या काल्पनिक घटकांकडे, मात्र इथे नेहमीपेक्षा जास्त लक्ष हवे. ते निव्वळ आघूर्णाच्या ५ टक्क्यांच्या आत असावेत असा संकेत आहे. वरच्या उदाहरणात कुबडीसह आघूर्ण १७ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे रिझर्व्हला एक न्यूटन-मीटरसुद्धा घेता कामा नये. कुबडीशिवायच्या नोंदीला पुरेशी असलेली मांडणी कुबडीच्या नोंदीला सैल पडते, आणि रिझर्व्हने उचललेला भार सांध्यावरच्या बलात दिसत नाही.

एक अडचण कुबडीच्या चालीतच विशेष भेडसावते. हात आणि कुबडी पेल्व्हिसच्या पुढच्या मार्करांना झाकतात, कॅमेऱ्यांना ते मधूनमधून दिसेनासे होतात, आणि पेल्व्हिसचा कोन एका चित्रचौकटीतून दुसरीत उडी मारतो. खुब्याच्या आलेखात अचानक उठलेला काटा दिसला तर त्याच क्षणी मार्कर हरवला आहे का ते तपासावे. त्रिकास्थीवर मार्करांचा एक संच लावला तर हा त्रास बराच कमी होतो.

कुबडीचे बल मोजल्याशिवाय चालतच नाही, अशी स्थिती

आतापर्यंतचे सर्व विवेचन पावलाचे बल मोजलेले आहे असे धरून होते. अंगावर बांधलेल्या सेन्सरांवरून फक्त हालचाल टिपली असेल आणि जमिनीचे बल शरीराच्या एकूण त्वरणावरून काढायचे असेल, किंवा ओपनसिममधील मोकोसारख्या साधनाने चाल आणि स्पर्शबले एकत्र शोधायची असतील, तर चित्र उलटते. त्या पद्धतींत शरीराला वर धरणारे एकूण बल ठरलेले असते आणि ते कोणा ना कोणाला वाहावे लागते. कुबडी मॉडेलमध्ये नसेल तर ते सगळे पावलाच्या माथी येते, आणि खुब्यावरचे बल फुगते. अशा कामात कुबडीचे बल मोजणे टाळता येत नाही. निदान दांड्यातील एका दिशेचा लोडसेल तरी हवाच.

उत्तर बरोबर आहे, पण पटत नाही

सर्व तपासण्या पार पडल्या तरी बल अपेक्षेएवढे कमी झालेले नसते, असे पुष्कळदा होते, आणि त्या वेळी मॉडेलला दोष देण्याचे कारण नसते. वर काढलेले ९०० न्यूटन स्थिर उभ्या माणसाचे आणि धड जागच्या जागी राहिले असे मानून काढलेले आहेत. प्रत्यक्ष चालीत कुबडीवरचा भार ज्या क्षणी सर्वाधिक असतो त्याच क्षणी खुब्यावरचे बल शिखरावर असेलच असे नाही, आणि कुबडीवर टेकताना माणूस धड कुबडीकडे झुकवतो, त्यामुळे भाररेषेची भुजा वाढून मिळालेला काही फायदा परत जातो. बर्लिनमध्ये बल मोजणारे खुबे बसवलेल्या रुग्णांनी कुबड्या घेऊन चालून दाखवले, तेव्हाही घट या स्थिर हिशेबाच्या मानाने बरीच लहान निघाली. पावलावरचा भार अर्धा केला म्हणजे खुब्यावरचा भार अर्धा झाला, असे होत नाही.

पाय पूर्ण अधांतरी ठेवून दोन कुबड्यांवर चालणाऱ्या रुग्णाच्या खुब्यावरही मॉडेल बल दाखवते. ही चूक नाही. हवेतला पाय उचलून धरायला स्नायू आकुंचन पावतात आणि सांधा दाबतात. म्हणूनच पाऊल हलकेच जमिनीला टेकवून चालण्याचा सल्ला पुष्कळदा पसंत केला जातो.

शस्त्रक्रिया नुकतीच झालेला रुग्ण भीतीने आणि वेदनेने सांध्याभोवतीचे परस्परविरोधी स्नायू एकदम आवळून धरतो. स्टॅटिक ऑप्टिमायझेशन सक्रियतेच्या वर्गांची बेरीज किमान करते, त्यामुळे असे आवळणे त्याच्या उत्तरात जवळजवळ दिसतच नाही. अशा रुग्णात खरे बल मॉडेलने सांगितलेल्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता धरूनच अहवाल लिहावा, आणि ईएमजीची (स्नायूंतील विद्युत संकेतांची) नोंद असेल तर मॉडेलची सक्रियता तिच्याशी ताडून पाहावी. शस्त्रक्रियेत ज्या स्नायूंना छेद दिला गेला त्यांची क्षमता मॉडेलमध्ये घटवून तेच गणित पुन्हा करून पाहावे. उत्तर किती हलते त्यावरून त्यावर किती विसंबायचे ते कळते.

मॉडेलच्या आकड्यांत काही टक्के त्रुटी राहणारच. मार्कुस हेलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ज्यांच्या खुब्यात बल मोजणारे यंत्र होते त्याच रुग्णांची मॉडेल करून ताडून पाहिले, तेव्हा चालताना शिखर बलातील फरक सरासरी १२ टक्के निघाला. म्हणून कुबडीचा परिणाम सांगताना एकाच व्यक्तीच्या कुबडीसह आणि कुबडीशिवाय घेतलेल्या नोंदींची, एकाच मॉडेलवर आणि त्याच मांडणीने तुलना करावी, कारण दोन्हींत सारखी असलेली त्रुटी वजाबाकीत बरीचशी निघून जाते. रुग्णाला कुबडीशिवाय चालवणे सुरक्षित नसेल तर हा मार्ग बंद असतो. अशा वेळी ऑर्थोलोड या खुल्या संग्रहातील कुबडीसह चालीच्या नोंदी काढाव्यात, आणि आपला आलेख आकाराने, शिखरांच्या वेळेने व साधारण उंचीने त्यांच्या पट्ट्यात बसतो का, एवढे तरी पाहावे.